जमावबंदीनं मतं मोजता येत नाहीत

आमच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, मारकडवाडी नावाचं गाव आहे. ३ डिसेंबर २०२४ ला तिथल्या लोकांनी स्वतःच्या खर्चानं मतपत्रिका छापून गावापुरतं मतदान घ्यायचं ठरवलं होतं. विधानसभेचा निकाल लागून दहा दिवस झाले होते आणि यंत्रानं दाखवलेले गावाचे आकडे गावातल्या बऱ्याच जणांना पटत नव्हते. भाजपचे राम सातपुते १००३, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तम जानकर ८४३. आमचं गाव जानकरांच्या बाजूचं, इथं ते मागं राहतीलच कसे, असा त्यांचा सवाल होता. प्रशासनाकडे परवानगी मागितली, ती नाकारली गेली. लोक तरी थांबेनात, तेव्हा २ ते ५ डिसेंबर जमावबंदी लागली. गावात पोलिसांचा मोठा बंदोबस्त आला. मतदान झालं नाही. गुन्हे मात्र दाखल झाले, निवडून आलेले आमदार जानकर यांच्यासकट.

पुढचं तुम्ही रील्समध्ये पाहिलेलं असेल. ८ डिसेंबरला शरद पवार गावात गेले. लागलीच दुसऱ्या बाजूची सभा झाली, गोपीचंद पडळकर, सदाभाऊ खोत आले, यंत्राच्या समर्थनाच्या घोषणा झाल्या. आठवडाभर मारकडवाडी देशभर ट्रेंड झाली आणि मग दुसरा विषय आला.

मी हा विषय सोडायला तयार नाही. त्या चार दिवसांत सरकारनं पोलीस आणले, आदेश काढले, खुलासे दिले, गुन्हे नोंदवले. गावानं मतपत्रिका छापल्या, मंडप घातला. नेत्यांनी भाषणं केली. आणि या सगळ्या काळात मारकडवाडीच्या मतदारांनी २० नोव्हेंबरला ज्या चिठ्ठ्या त्या छोट्या काचेतून सात सेकंद पाहिल्या होत्या, त्या चिठ्ठ्या सीलबंद पडून होत्या. त्या कुणी मोजल्या नाहीत. दोघांची मिळून १८४६ मतं. एका मतदान केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायला साधारण तासभर लागतो. म्हणजे एका दुपारचं काम. ते काम टाळण्यासाठी आपण अख्खं गाव छावणीसारखं करून टाकलं.

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा एक जोक फिरत होता की जिंकलेले लोक रडतायत, असं जगात पहिल्यांदाच घडतंय. कारण जानकर माळशिरसमधून १३,१४७ मतांनी निवडून आले होते. ग्रुपवरचा एक जण तर म्हणाला, "काय बे, आमदार तुमचा, यंत्र खोटं, मग आमदारपण खोटाच की!" हसायला ठीक आहे. पण नीट बघितलं तर मारकडवाडीची खरी गोष्ट याच विनोदात दडलेली आहे. आपल्या कायद्यानं निवडणुकीच्या वादासाठी जी काही दारं ठेवलीत, ती सगळी हरलेल्या उमेदवाराच्या मापाची आहेत. मतदाराच्या मापाचं एकही नाही. मारकडवाडीचे लोक बेकायदा मतदानाकडे का वळले हे समजून घ्यायचं असेल तर ही दारं एकेक करून ठोठावून बघू.

पहिलं दार निवडणूक नियमांतला नियम ५६ डी. मतमोजणीच्या दिवशी, निकाल अंतिम होण्याआधी, उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी लेखी अर्ज करू शकतो की अमुक केंद्राच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजा. अर्ज मानायचा की फेटाळायचा ते निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. मोजल्या आणि यंत्राच्या आकड्याशी जमल्या नाहीत, तर चिठ्ठीचा आकडा खरा धरायचा, असं त्याच नियमात स्पष्ट लिहिलंय. फार चांगला नियम आहे. पण अर्ज कुणी करायचा? उमेदवारानं. आणि २३ नोव्हेंबरच्या दुपारी, तेरा हजारांनी जिंकत असताना, गुलाल उधळायचा सोडून जानकरांचा माणूस मारकडवाडीच्या चिठ्ठ्या मोजा म्हणून अर्ज लिहीत बसेल का? गावातल्या मतदाराला तर त्या हॉलमध्ये पाऊलसुद्धा टाकता येत नाही.

दुसरं दार सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला उघडलं. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी फेटाळताना न्यायालयानं एक सोय दिली: निकालानंतर सात दिवसांत, मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागता येईल. कुणाला? दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. खर्च त्यानं भरायचा. तेव्हा एका संचाला जीएसटी धरून ४७,२०० रुपये होते. माळशिरसमध्ये दुसरे कोण आले? राम सातपुते. म्हणजे मारकडवाडीच्या यंत्राची तपासणी मागण्याचा हक्क होता तो त्या गावात जास्त मतं मिळालेल्या उमेदवाराला. ज्यांना शंका होती त्यांना तो नव्हता. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असं निघालं असतं तर आम्ही त्याला एज केस म्हटलं असतं आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये दुरुस्त केलं असतं. इथं एज केसवर कलम लावलं.

शिवाय ती तपासणीसुद्धा कशी करायची यावर पुढं वाद झाला. आयोगानं सुरुवातीला जी पद्धत ठरवली तिच्यात यंत्रावर नव्यानं मॉक पोल घेऊन दाखवायचा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की यंत्रातला डेटा पुसू नका, नवा भरू नका. कालच्या हिशेबाबद्दल विचारलं तर आज नवी बेरीज करून दाखवणं, हे किराणा दुकानदारानं केलं तरी आपण भांडतो.

तिसरं दार उच्च न्यायालय. लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली निकालापासून ४५ दिवसांत निवडणूक याचिका करता येते आणि ती साधा मतदारही करू शकतो. हे ऐकायला बरं वाटतं. पण याचिका असते निवडून आलेल्याची निवड रद्द करण्यासाठी. मारकडवाडीच्या माणसानं आपल्याच माणसाची आमदारकी रद्द करा म्हणून मुंबईला जायचं? आणि गेला तरी घोटाळ्यानं निकालावर मोठा परिणाम झाला हे सिद्ध करावं लागतं. तेरा हजारांच्या फरकात दीड-दोनशे मतांनी काय परिणाम होणार? याचिका पहिल्याच तारखेला बाद. शिवाय कायदा म्हणतो की अशी याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. त्यातला 'प्रयत्न' हा शब्द पाळला जातो, सहा महिने नाही.

तीन दारं झाली. चौथं नाही. आता सांगा, गावानं कुठं जायचं होतं?

इथं मला गावकऱ्यांच्या बाजूनंही एक कडू गोष्ट बोलावी लागेल, कारण आमच्या पिढीत मारकडवाडीचं कौतुक करताना ही गोष्ट कुणी बोललं नाही. तो मतपत्रिकांचा प्रयोग चुकीचा होता. बेकायदा होता म्हणून मी म्हणत नाही, त्यातून काहीच सिद्ध झालं नसतं म्हणून म्हणतोय. डोळ्यांसमोर आणा: गावात मंडप, मंडपात एका बाजूचे कार्यकर्ते, बाहेर आमदार स्वतः, चारी बाजूंनी कॅमेरे. सातपुतेंना खरंच १००३ मतं पडली असतील तर त्यातले किती जण त्या रांगेत येऊन उभे राहिले असते? जे घरी थांबले असते ते घरी थांबल्यामुळंच ओळखू आले असते. गावात कोण कुणाचा हे तसंही माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं आणि रांगेत दिसणं वेगळं. गुप्त मतदानाचा पडदा त्या छोट्या वाडीत फार नाजूक असतो. तो एकदा फाटला की पुढची पाच वर्षं पाणंद रस्ता, विहिरीची पाळी, सोसायटीचं कर्ज, सगळ्यात तो फाटका पडदा दिसत राहतो. जानकरांना १५०० मतं पडली असती आणि दुसरी बाजू म्हणाली असती, आमचे लोक आलेच नाहीत. मग भांडण कुठं मिटलं?

तेव्हा प्रशासनाला मारामारीची भीती वाटली यात मला काही खोटं दिसत नाही. गावात दोन्ही बाजूंचे लोक होते, आणि दुसऱ्या बाजूचा या प्रयोगाला उघड विरोध होता. माझा राग भीतीवर नाही. भीती वाटल्यावर त्यांनी जे केलं त्यावर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे आपलं जुनं १४४, हे दगड उचललेल्या हाताला थांबवण्यासाठी आहे. प्रश्न विचारणाऱ्या तोंडाला ते उत्तर देऊ शकत नाही. चार दिवसांची शांतता मिळाली, खरंय. पण शंका तशीच राहिली आणि तिला वर गुन्ह्याचा शिक्का बसला. आज गावात सातपुतेंना मत दिलेल्या माणसालाही आपलं मत खरं होतं हे दाखवता येत नाही. हे कुणी लक्षात घेत नाही. चिठ्ठ्या मोजल्या असत्या आणि आकडा जमला असता, तर सगळ्यात जास्त फायदा त्याचाच होता.

मी इंजिनिअर आहे हे कळलं की लोक मला हमखास विचारतात, ईव्हीएम हॅक होतं का रे? लग्नात, ट्रेनमध्ये, कटिंगच्या दुकानात. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पुण्यापासून कुर्डुवाडीपर्यंत मी याच एका प्रश्नावर बोललेलो आहे. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. माझ्या कामात मी रोज कोड लिहितो आणि माझा कोड बरोबर आहे असं मी कितीही शपथेवर सांगितलं तरी तो रिव्ह्यूशिवाय पुढं जात नाही. मी चोर आहे म्हणून नव्हे. मी सांगतोय एवढ्यावर चालणार नाही, हा धंद्याचा नियम आहे म्हणून. पैसे हलवणाऱ्या प्रत्येक सिस्टिमला लॉग असतो, आणि वाद आला की आपण प्रोग्रामरच्या चारित्र्यावर चर्चा करत नाही, लॉग उघडतो. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी हा आपल्या निवडणुकीचा लॉग आहे. ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं असा कागदी पुरावा मुक्त आणि न्याय्य निवडणुकीसाठी अत्यावश्यक आहे असं म्हटलं, म्हणून तर तो आला. देशभर यंत्रं बसवली, कोट्यवधींचा खर्च केला, आणि आता लॉग उघडा म्हटलं की आपण म्हणतो, कशाला, सगळं ठीकच आहे.

आयोगाचं उत्तर मला ठाऊक आहे. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रं निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटची मोजणी होते. ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून हे सुरू आहे. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात २८८ मतदारसंघांत अशा १४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कुठंही फरक आढळला नाही, असं आयोगानं जाहीर केलं. मी यावर विश्वास ठेवतो. खरंच ठेवतो. पण हे मारकडवाडीला उत्तर नाही. आमच्याकडं टेस्ट सूट असतो, त्यात हजारो चाचण्या आपोआप चालतात, सगळ्या हिरव्या असतात. तरीही एखाद्या ग्राहकानं तक्रार नोंदवली की माझ्या खात्यात गडबड आहे, तर 'आमच्या सगळ्या टेस्ट पास आहेत' असं लिहून ती तक्रार बंद करता येत नाही. त्याचं खातं उघडून बघावं लागतं. यदृच्छेनं निवडलेल्या नमुन्यातून संपूर्ण व्यवस्थेबद्दल कळतं. तक्रारदाराला त्याच्या केंद्राबद्दल हवं असतं. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिली दाखवून दुसरी नाकारतो.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ३ मार्च २००९ ला यापेक्षाही कडक भूमिका घेतली होती. २००५ च्या निवडणुकीत तिथं काही ठिकाणी मतदान यंत्रं वापरली होती. कुणी ती हॅक केल्याचा पुरावा नव्हता, निवडणूकही रद्द झाली नाही. तरी न्यायालय म्हणालं, मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे कुठल्याही खास तांत्रिक ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकाला तपासता आले पाहिजेत. ही यंत्रं त्यात बसत नाहीत, म्हणून ती घटनाबाह्य. मला यातलं 'सामान्य नागरिक' आवडतं. कारण आपल्याकडं वाद नेहमी तज्ज्ञ विरुद्ध तज्ज्ञ असा लावतात आणि मारकडवाडीचा शेतकरी दोघांच्या तोंडाकडं बघत राहतो. १८४६ चिठ्ठ्यांचे दोन ढीग लावायला त्याला कुठल्याही पदवीची गरज नाही. त्यानं बाजार समितीत आयुष्यभर कांद्याच्या पिशव्या मोजून घेतल्यात.

मोजल्यानं भांडण मिटतं का? मिटतं. हरियाणात पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचं गाव आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथं सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्राच्या आकड्यांत अधिकाऱ्याकडून गफलत झाली, त्यावरून निकाल फिरला, खालची कोर्टं वरची कोर्टं झाली. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं यंत्रं दिल्लीला मागवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाच्या आवारात, दोन्ही बाजूंच्या समोर, कॅमेऱ्याखाली सगळी मतं पुन्हा मोजली. आकडे निघाले १०५१ आणि १०००. ज्याला हरलेला ठरवलं होतं तो ५१ मतांनी जिंकलेला निघाला. यंत्रात काही खोट नव्हती, माणसानं लिहिताना चूक केली होती. म्हणजे शंका बरोबर होती आणि यंत्रही बरोबर होतं, असंही होऊ शकतं! पण त्या गावाला हे कळायला दोन वर्षं नऊ महिने लागले. सरपंचाची मुदत पाच वर्षांची असते.

आणि ज्यांना वाटतं की कागदावर गेलो की सगळं पवित्र होईल, त्यांनी चंदीगड आठवावं. ३० जानेवारी २०२४ ची महापौर निवडणूक मतपत्रिकेवरच होती. पीठासीन अधिकाऱ्यानं आठ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि त्या बाद कशा झाल्या ते कॅमेऱ्यात दिसलं. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं त्या मतपत्रिका स्वतः मागवून पाहिल्या आणि निकाल उलटवला. तिथं घोटाळा कागदावर झाला आणि पकडलाही कागदामुळंच, अधिक कॅमेऱ्यामुळं. मला यंत्र विरुद्ध कागद या भांडणात रस नाही. पुरावा शिल्लक राहतो का आणि तो बघायला कोण मागू शकतो, एवढंच मला विचारायचंय.

या कसोटीवर आपण गेल्या काही काळात कुठल्या दिशेला चाललोय ते बघा. २० डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलला. कारण मारकडवाडी नव्हतं, हरियाणातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयानं व्हिडिओ आणि कागदपत्रं द्यायला सांगितली होती. बदलानंतर सीसीटीव्ही चित्रण, वेबकास्टिंग अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी नागरिकांना पाहण्यासाठी खुल्या राहिल्या नाहीत. ३० मे २०२५ ला आयोगानं सांगितलं की याचिका नसेल तर ते चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करावं. त्याआधी मे २०२४ मध्ये, प्रत्येक केंद्रावर किती मतदान झालं त्याचा हिशेब असलेला फॉर्म १७ सी वेबसाइटवर टाका या मागणीला आयोगानं सर्वोच्च न्यायालयात विरोध केला होता. फोटोत फेरफार करून लोक गैरसमज पसरवतील, हे कारण.

केनियानं हे करून दाखवलंय. २००७ च्या वादग्रस्त निकालानंतर तिथं दंगलींत हजारावर माणसं मेली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्राध्यक्षांची निवडणूकच रद्द केली. आयोगानं सर्व्हर तपासू दिले नाहीत, हे त्या निकालात महत्त्वाचं ठरलं. २०२२ ला आयोगानं सुमारे ४६ हजार केंद्रांचे निकालपत्रकांचे फोटो थेट संकेतस्थळावर टाकले. पत्रकार, विद्यार्थी, विरोधक, ज्याला पाहिजे त्यानं बेरीज करावी. निकाल घासून लागला, आयोगातलेच चार आयुक्त फुटले, हरलेला उमेदवार कोर्टात गेला. पण लोकांच्या हातात कागद होते. २००७ सारखं रक्त सांडलं नाही आणि कोर्टानं निकाल कायम ठेवला. फेरफाराची भीती केनियाला नव्हती का? होतीच. पण मूळ प्रत सगळ्यांसमोर असली की खोटी प्रत पकडायला सोपी जाते, हे आमच्या क्षेत्रात शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

इथं एक गोष्ट मध्येच सांगतो. केंद्रवार आकडे उघड होतात म्हणून तर ही भांडणं होतात, असा एक युक्तिवाद आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. 'या वाडीनं मत दिलं नाही, आता टँकर कसा येतो बघू' ही भाषा आपण सगळ्यांनी ऐकलीय. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र आणा असा प्रस्ताव आयोगानंच २००८ मध्ये दिला होता, २०१५ मध्ये विधी आयोगानं पाठिंबा दिला, केंद्र सरकारनं तो मानला नाही. मला सूडाची भीती पटते. तरी निवड करायची वेळ आली तर मी केंद्रवार आकड्यांच्या बाजूनं उभा राहीन. मतं एकत्र ओतली की तपासायचं सगळ्यात लहान माप हातातून जातं आणि मग शंका गावापुरती न राहता तालुक्याची होते.

मग करायचं काय? माझी मागणी लहान आहे. एखाद्या केंद्राच्या दहा टक्के मतदारांनी निकालानंतर सात दिवसांत सह्या करून अर्ज दिला, सोबत ठरावीक अनामत भरली, तर तहसील कार्यालयात दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर त्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजाव्यात, चित्रण करावं, आकडा फळ्यावर लिहावा. फरक निघाला तर अनामत परत आणि नियम ५६ डी प्रमाणं कागद खरा. जुळला तर अनामत जप्त. दहा टक्केच का, पाच का नाही, यावर वाद घालू. पण हक्क मतदाराचा हवा, उमेदवाराच्या मर्जीचा नको.

लगेच कुणी म्हणेल, महाराष्ट्रात लाखभर मतदान केंद्रं आहेत, सगळे अर्ज करत सुटतील. करणार नाहीत. आपल्या शेजाऱ्यांच्या शंभर सह्या गोळा करून पाहा एकदा, साध्या गटाराच्या कामासाठी. शिवाय अनामत जाण्याची भीती उठसूट शंका घेणाऱ्यांना पुरेशी असते. गुप्ततेचं म्हणाल तर चिठ्ठीवर मतदाराचं नाव नसतं, फक्त उमेदवाराचं नाव, क्रमांक आणि चिन्ह असतं. आणि मोजणी मागणं म्हणजे आयोगावर अविश्वास, हे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, बँकेत पैसे काढल्यावर काउंटरवरच नोटा मोजून घ्या अशी पाटी असते, ती बँकेचा अपमान असते का?

एक शब्द विरोधी पक्षांसाठीही. नियम ५६ डी मतमोजणीच्या दिवशी तुमच्या हातात होता. किती मतदारसंघांत तुमच्या प्रतिनिधींना त्याचं नाव तरी माहीत होतं? फॉर्म १७ सी ची प्रत केंद्रावरच्या तुमच्या माणसाला मिळते, ती संध्याकाळी त्याच्या खिशात जाते आणि शर्टासोबत धुतली जाते. मारकडवाडीत भाषण करणं सोपं होतं. तालुक्यातल्या प्रत्येक केंद्राची १७ सी गोळा करून एका शीटमध्ये भरणं कंटाळवाणं आहे. ते काम आमच्यासारख्या पोरांना सांगितलं असतं तर रात्रीत करून दिलं असतं.

आणि हे सगळं झालं विधानसभेचं, जिथं निदान चिठ्ठी आहे. ज्या निवडणुकांत आपल्याकडं खरी डोकी फुटतात, भावकी तुटते, त्या ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद, महापालिकेच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नाहीच. राज्य निवडणूक आयोगानं २०२५ मध्ये सांगितलं की बहुसदस्य प्रभागांमुळं ते शक्य नाही. १५ जानेवारी २०२६ ला सोलापूर महापालिकेसाठी मतदान झालं तेही तसंच. बटण दाबा, आवाज ऐका, घरी जा.

माझ्या मामांचं पॅनल २०२१ च्या ग्रामपंचायतीला एका वॉर्डात चार मतांनी पडलं. मामांनी फेरमोजणी मागितली. अधिकाऱ्यांनी कंट्रोल युनिटचं बटण पुन्हा दाबलं. तोच आकडा आला. येणारच. मामा म्हणाले, "अहो, मी मोजायला सांगितलं, वाचायला नाही." अधिकारी म्हणाले, यात मोजण्यासारखं दुसरं काही नसतं. ज्यांच्याविरुद्ध पडले ते सख्खे चुलतभाऊ. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे, बांधावरचा लिंब कुणाचा यावर तलाठ्याकडं अर्ज चालू आहेत, आणि मागच्या वर्षी एका घरच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्या घरात गेली नाही.